चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे एक वयस्कर बाई होत्या. दुकानदार त्यांचा पेनड्राइव्ह तपासून सांगत होता,

“मावशी, हा बिघडलेला नाही, मुळातच खोटा आहे. वर चौसष्ट जीबी छापलंय, आतली चिप आठचीच. मी टूल लावून थेट चिपलाच विचारलं.”

“पण फाइलींची नावं दिसतात की सगळी!”

“नुसती नावं. आठ जीबी भरले की पुढचं सगळं घेतल्यासारखं दाखवायचं आणि सोडून द्यायचं, असा प्रोग्रामच बसवलाय आत.”

“आधी गाणी भरली होती.”

“ती आहेत.”

“आणि ह्यांचं बोलणं? गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज राहणार नव्हता, म्हणून आधी रोज बसून बोलून ठेवलं होतं हो. हे गेल्यावर काल पहिल्यांदा लावलं.”

“ते यात कधी आलंच नाही, मावशी. फोनमध्ये असेल?”

“इकडे घेतलं म्हणून फोनमधलं पुसलं मुलानं.”

“हा आणला कुणी?”

“त्यानंच. स्वस्तात मिळाला म्हणून केवढा खूश होता! गाडी लावून येतोय तो. त्याला यातलं काही सांगू नका. माझ्या हातून पाण्यात पडला म्हणा.”

“अहो, पण...”

“म्हणा हो तेवढं.”

दार ढकलून मुलगा आत आला.

“काय, निघतंय का काही?”

“नाही साहेब. आत पाणी गेलंय.”

“पाणी? आई, बाबांचा आवाज होता गं त्यात! एवढीशी वस्तू जपता आली नाही तुला?”

“चुकलं रे. हात थरथरतात हल्ली.”