कुरडया बिघडल्या त्या वर्षी

न्हाई काका, चरा लपवला न्हाई, तुम्ही विचारायच्या आधीच मी सांगणार होते — पडली होती स्कूटी, एकदाच, आणि मी न्हाई पाडली, माझ्या आईनं पाडली. हसता कशाला? तुमच्या घरी काकूंना येती का गाडी? न्हाई ना? मंग. सुनेसाठी घेऊन राह्यलात म्हणले ना तुम्ही, तिला आणायचं होतं सोबत, बसून बघितलं असतं तिनं. असो. बसा खुर्चीवर. सोमवारी मी पुण्याला चालले नोकरीला, मला आजच हे उरकायचंय.

तीन वर्षं झाली त्याला. मे महिना. तुम्ही कुंभार पिंपळगावचे ना, तुम्हाला आठवतं का — नऊ दिवस ऊनच पडलं न्हाई? न्हाई आठवत. बघा. कुणालाच आठवत न्हाई. आमच्या अंबडात कुणालाही विचारा, कुरडया बिघडल्या ते वर्ष, बस, एवढंच. गहू भिजवून चीक काढलेला, गच्चीवर कुरडया घातलेल्या, आणि वर मळभ. वाळेनात, वास मारायला लागल्या, आमच्या घरातली तुळजाकाकू नऊ दिवस आभाळाला शिव्या देत होती. आणि हवा कशी होती सांगू? भर दुपारी दोनला रस्त्यावर अनवाणी चालता येत होतं. कूलर बंद. लिंबाखाली असा गार वारा, की पुस्तक घेऊन बसलं तर उठूच वाटू नये. अशी हवा, मेमध्ये, जालन्याच्या मेमध्ये — आणि ह्या मोठ्या माणसांना त्यातलं काय लक्षात राह्यलं, तर कुरडया.

तर आईला कामच उरलं न्हाई. नुसती बसलेली आई मी पहिल्यांदा बघितली. मीच म्हणले, चल, गाडी शिकवते. शाळेचं मैदान सुट्टीत रिकामं होतं. पहिल्या दिवशी घाबरून रडली, तिसऱ्या दिवशी हापशाला धडकली — हा चरा तिथला — मी उचलायला धावले, तर हिनं आपली साडी झटकली अन् म्हणली, "परत चालू कर." आठव्या दिवशी मला मागं बसवून देवीच्या टेकडीपर्यंत नेलं तिनं. गुणगुणत होती.

मंग काय, मंग ऊन पडलं. दहाव्या दिवशी बेचाळीस. आणि सगळं बंद. पप्पाच बोलले असतील, काकू बोलली असेल, आमच्या घरात बाईनं काही नवं केलं की — न्हाई. पप्पा काहीच बोलले न्हाई. खरं तर कुणीच न्हाई बोललं. ती किल्ली घेऊन दारात उभी होती, पदर खोचून, आणि माझी परीक्षा होती. मी म्हणले, "आई, झालं ना आता तुझं, दे इकडं, मला उशीर होऊन राह्यलाय." तिनं दिली. परत कधी मागितली न्हाई. आणि मी तीन वर्षं मैत्रिणींना सांगत आले, पप्पांनी बंद केलं म्हणून.

परवा पप्पा म्हणले, तू गेल्यावर स्कूटी चालवणार कोण? मी आईकडं बघितलं. ती म्हणली, कुणी न्हाई, विकून टाका. मला इतका राग आला, मी म्हणले, ते नऊ दिवस विसरली का? तर म्हणती, "कोणते? कुरडया बिघडल्या तवाचे?"

जाऊ द्या. चालू करून दाखवते. सकाळी आईनंच पुसून ठेवलीय तुमच्यासाठी. हे बघा, एका बटणात — थांबा. आरसा तुम्ही हलवला का? न्हाई? मागचा रस्ता दिसायला पाहिजे ना, मला माझं कोपरच दिसून राह्यलंय. काल संध्याकाळी बराबर होता. पप्पा तर हिला हातपण लावत न्हाईत, त्यांची मोटारसायकल आहे. मंग आरसा इतका खाली कोण — माझ्यापेक्षा वीतभर ठेंगणं —

काका, उठा तुम्ही. न्हाई, किमतीचं काही न्हाई. गाडी विकायची न्हाई. पप्पांचं मी बघते. चहा? टाकलाय तिनं आत, वास येऊन राह्यलाय, पण तुम्ही निघा. ती बाहेर यायच्या आत निघा.