शाल ठेवा, पाय द्या

जॉन्सनव्हिल पोलीस ठाणे. शुक्रवार, दि. २० नोव्हेंबर २००९, दुपारी ४.१०.

नाव: विनया श्रीनाथ पाटणकर. वय: ४६. व्यवसाय: फार्मासिस्ट. राहणार: जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन. मूळ गाव: तळेगाव दाभाडे, जि. पुणे.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मला इंग्रजी उत्तम येते. तरी हा जबाब मी मराठीत देत आहे आणि दुभाषी निवेदिता तो लिहून घेत आहेत. माझ्या इंग्रजी वाक्यांचे लोक काय करतात, ते मी परवा संसदेच्या गॅलरीत बसून ऐकले.

माझा धाकटा भाऊ कृष्णा भारतीय सैन्यात होता. २००२ साली राजस्थानच्या सीमेवर आपल्याच सैन्याने पेरलेले सुरुंग काढताना त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. जयपूरला कृत्रिम पाय बसवला. त्या पायावर तो पाच वर्षे चालला, स्कूटर चालवली, माझ्या मुलीला, श्रियाला, खांद्यावर घेऊन नाचला. २००७ मध्ये तापाने गेला. पाय चितेवर ठेवला नाही. आमच्या आईने, वासंतीबाईंनी, तो कपाटात ठेवला.

यंदा क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचे विधेयक इथल्या संसदेत आले. या एका बॉम्बातून शेकडो लहान बॉम्ब पसरतात आणि न फुटलेले वर्षानुवर्षे जमिनीत राहतात. सुरुंग वेगळा, हा वेगळा, हे मला कळते. विधेयकात एक कलम असे होते की, करारात नसलेल्या देशाच्या फौजेबरोबर आपले सैनिक गेले आणि त्या फौजेने हे बॉम्ब टाकले, तर आपल्या सैनिकांना दोष नाही. दारावर कुलूप लावायचे आणि खिडकी सताड उघडी ठेवायची, त्यातला हा प्रकार.

खासदार डग्लस वेकली माझ्या दुकानात नेहमी येतात. त्यांची औषधे कोणती ते मी सांगणार नाही, विश्वास सांभाळायला आमच्या धंद्यात शिकवतात. त्या कलमाला विरोध करीन, असा शब्द त्यांनी मला काउंटरवर दिला. कृष्णाचा पाय विधेयक तपासणाऱ्या संसदीय समितीपुढे दाखवायला मिळाला तर बरे होईल, असेही म्हणाले. मी आईला फोन केला. आई म्हणाली, "दाखवून झाला की परत आण. आतला कपडा काढू नकोस. परत आला की मीच धुईन." माझी मैत्रीण नीता भारतातून येताना पाय घेऊन आली.

दि. २९ ऑगस्ट रोजी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला वेकली पाहुणे होते. मी पाय त्यांच्या गाडीत ठेवणार होते. मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब मला म्हणाले, "वहिनी, गाडीत कशाला? स्टेजवर द्या. फोटो छान येतो." पाहुण्याला शाल-श्रीफळ देतात तसे दिले आणि पाठोपाठ पाय हातात दिला. वेकलींनी आरतीला टाळ्या वाजवल्या, पाच मोदक खाल्ले.

समितीपुढे मी बोलले. वेकलींनी पाय दाखवला. नंतर मी तो दोनदा परत मागितला. दोन्ही वेळा "नो वरीज, विनया" असे उत्तर मिळाले.

बुधवारी चर्चा होती. मी सुट्टी घेऊन गॅलरीत बसले. वेकलींनी माझ्या भावाचे नाव घेतले. समितीपुढची माझी वाक्ये जशीच्या तशी वाचली. माझ्या शेजारच्या बाई रडल्या. मग ते म्हणाले की, आपल्या मित्राने कोणते हत्यार वापरावे हे सैनिक ठरवू शकत नाही, आणि कृष्णासारख्या शूर सैनिकाला हे सर्वांत आधी पटले असते. सबब त्यांचा कलमाला पाठिंबा आहे. गॅलरीत बोलायला मनाई आहे. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे आणि त्यासाठी त्याच्या बहिणीचा घसा वापरायचा, याला मी केसाने गळा कापणे म्हणते. ते तसेच लिहावे.

आज सकाळी ११ वाजता मी त्यांच्या कार्यालयात गेले. काचेच्या कपाटात रग्बीचा चेंडू आणि कृष्णाचा पाय शेजारी शेजारी होते. खाली चिठ्ठी होती: 'भारतीय समाजाकडून सप्रेम भेट.' कपाटाला कुलूप नव्हते. मी पाय काढून पिशवीत घातला. स्वागतकक्षातील मुलगी म्हणाली, "यू ऑलराइट, विनया?" मी म्हटले, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत सगळे झकास. चालत दुकानात गेले आणि कामाला लागले. अडीच वाजता चोरीच्या तक्रारीवरून पोलीस आले.

मला स्टेजवरचा फोटो दाखवण्यात आला. फोटोत शाल, नारळ, पाय आणि हसणारी मी आहे. फोटो खरा आहे. पाय ही मंडळाने दिलेली भेट होती, असे बाळासाहेबांच्या सहीचे आजचे पत्रही दाखवले. सही त्यांचीच आहे. मी इथूनच त्यांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, खासदारांना दुखवून चालायचं नाही. हॉल त्यांच्या शब्दावर मिळतो." वेकलींचे मला दुःख झाले. बाळासाहेबांची लाज वाटली. गेली नऊ वर्षे त्यांच्या गणपतीचे मोदक मी वळते.

पाय माझ्या भावाचा, याला पुरावा काय, असे विचारल्यावरून सांगते की, आत हात घालून पाहावे. हिरव्या लुगड्याचा चौघडी कपडा हाताने टाचलेला आहे. लुगडे आईचे आहे. तीन महिने पाय वेकलींच्या ताब्यात होता. आत कपडा आहे का, हे त्यांना विचारावे.

शाल त्यांनी ठेवावी. नारळ फोडला असेलच.

निकाल लागेपर्यंत पाय ठाण्यात राहील, असे मला सांगितले. दर रविवारी आईचा फोन येतो. ती एकच विचारते, "निघाला का गं?" परवा रविवार आहे.

वरील मजकूर निवेदिता यांनी मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. जप्तीच्या पावतीवर मात्र 'वस्तू, एक नग' असे होते. ते खोडून 'कृष्णाचा उजवा पाय' असे लिहिल्यावर मी सही केली आहे.

(सही) विनया श्रीनाथ पाटणकर