आत माया नाही

अहो, हातमोजे! हातमोजेसुद्धा यात बसत नाहीत म्हणे! तुम्हाला सांगतो, डॉक्टरांचे हातमोजे, डॉक्टरांच्या हाताला व्यवस्थित बसले, ऑपरेशन झालं, गाठ निघाली... आणि विमा कंपनी म्हणते, बसत नाहीत, पैसे तुम्ही भरा. का? तर त्या 'उपभोग्य वस्तू'! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सुई उपभोग्य, कापूस उपभोग्य, सलाइनची नळी उपभोग्य. म्हणजे बायकोला कॅन्सर झाला आणि आम्ही दोघं तिथे जोडीनं उपभोग घेत होतो, असं कंपनीचं म्हणणं!

हिला वाचून दाखवलं, तर ही पोटावर हात दाबून हसायला लागली. "अहो, हसवू नका, टाके उसवतील. आणि परत घातलेले टाके यात बसायचे नाहीत!"

हॉस्पिटलात खाली, औषधांच्या दुकानाला लागून, काचेमागे विम्याचा माणूस बसायचा. गोल चेहरा, आवाज इतका मऊ, की तो नाही म्हणालाय हे आपल्याला घरी पोचल्यावर कळावं. "काय आहे ना काका, केमो बसते. इथे दिलेली उलटीची गोळी बसते. पण घरी जाऊन उलटी झाली, तर ती गोळी यात बसत नाही." म्हटलं, मग उलटी होईपर्यंत इथेच थांबू का? "थांबा ना काका! पण खोलीचं भाडं मग... बसत नाही." हिनं त्याचं नावच ठेवलं. खाली जायला निघालो की विचारायची, "आज 'बसत नाही' आलेत का हो कामावर?"

आता हिचा धंदा काय, तर शिवणकाम. पुढच्या खोलीत मशीन, मशीनवर बाई, आणि दारात गिऱ्हाईक. जो तो 'बसत नाही' म्हणत यायचा आणि बसतं करून घेऊन जायचा. त्यामुळे हिला हे पटेचना. "बसत नाही म्हणजे काय? आत माया ठेवली असेल की थोडी. उसवून बघायला सांगा." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवतात ते जास्तीचं कापड, पुढे-मागे अंग भरलं तर सोडायला. पण पॉलिसी उसवायची कुठून, तुम्हीच सांगा!

आणि मग डॉक्टरांनी नवं इंजेक्शन सांगितलं. जुन्या औषधाला आजार जुमानत नव्हता, पसरत चालला होता. "यानं थोडा वेळ मिळेल," म्हणाले. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आता ते इंजेक्शन यात बसत होतं का? ...ओळखलंत ना!

मी म्हटलं, घर विकू. ही म्हणाली, "आणि मी बरी होऊन बसू कुठे? तुमच्या डोक्यावर?" म्हटलं, गप्प बस. "घ्या! गप्प तेवढं बसतं!" भांडलो अहो, हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये भांडलो, लिफ्टमन बिचारा छताकडे बघत उभा. ही म्हणत होती, तुमच्या डोक्यावर कर्ज ठेवून मी जायची नाही. मी म्हणत होतो, मग जाऊच नकोस. मजला आला, उतरलो. शेवटी गाडी विकली, हिचं सोनं विकलं, मेहुण्यानं पैशांचं पाकीट हातात ठेवलं. घर राहिलं, इंजेक्शन सुरू झालं.

तर एकदा ही खुर्चीत, हाताला सुई, नळीतून थेंब थेंब उपभोग चाललेला, आणि 'बसत नाही' स्वतः वर आले! हातात पिशवी. अवघडून उभे. "काकू, उद्या माझी बढतीची मुलाखत आहे. आणि ही पँट..." ही म्हणाली, "बोला की." "कमरेत... बसत नाही."

अहो, सगळा वॉर्ड हसला! सलाइन लावलेली माणसं हसली!

हिनं पँट उलटी केली, मागची शिवण बोटांनी चाचपली. "माया आहे हो आत, भरपूर. शिवणाऱ्यानं पुढचा विचार केलाय." मग मान वर न करता, हळूच, "आमच्या पॉलिसीत एवढीसुद्धा ठेवली नाही कुणी." तो बिचारा लालबुंद. मी कापड ताणून धरलं, हिनं मोकळ्या हातानं टाके उसवले, मग सावकाश नवे घातले. त्यानं पैसे विचारले, तर म्हणाली, "राहू द्या. उपभोग घ्या."

पुढे त्यानं काय केलं, माहितीये? आमची फाइल पुन्हा उघडली, वरच्या साहेबांशी हुज्जत घातली, आणि पुढच्या बिलात कापूस बसवला. कापूस! बाकी काही नाही, नुसता कापूस. पण सांगायला जिने चढून धापा टाकत आला, आणि हिला इतका आनंद झाला, इतका आनंद, की मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

वेळ मिळाला. बेताचाच मिळाला. घरीच गेली, सकाळी. डोक्यावर केस नव्हते, थंडी वाजते म्हणाली, म्हणून मी रुमाल बांधत होतो. गाठ मारली, म्हटलं, घट्ट नाही ना झाली? ...तर काही बोलली नाही.

परवा फोन आला. कंपनीतली मुलगी, बोलणं गोड. "काका, पॉलिसी पुढे चालू ठेवायची ना? आता तुम्ही एकटेच, तर हप्ता एकदम कमी होईल!" तिला वाटलं, मला बरं वाटेल. मी म्हटलं, हो का. एक विचारतो बाळ, झोप लागत नाही, घास उतरत नाही, घरात मोठ्यानं काहीतरी सांगायला लागतो आणि मधेच थांबतो... यावर औषधपाणी केलं, तर तो खर्च तुम्ही द्याल का?

पलीकडे बराच वेळ नुसती बटणांची टकटक. मग खरंच वाईट वाटल्यासारखी म्हणाली, "दिला असता, काका. पण आता तुम्ही सांगितलंत ना... म्हणजे ते आधीपासूनचं दुखणं धरतात."

म्हटलं, धर बाळ. आधीपासूनचंच आहे ते.