अहवाल हातात आल्यावर

स्कॅनच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. मध्ये त्यांचे वडील, आयुष्यभर शिंपीकाम केलेले. अहवाल बहिणीने भावापुढे धरला होता.

"वाच, दादा. मोठ्याने वाच."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना सगळं."

"काय सांगितलं? बाबांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. त्यानेही माणूस असा उदास होऊ शकतो. आणि तू दोन वर्षं काय म्हणत होतास? नाटकं करतात!"

"मेंदूत काय चाललंय ते मला कसं कळणार?"

"कळत नव्हतं, तर विचारायचं होतंस कुणाला. त्यांचं शिलाई मशीन का देऊन टाकलंस?"

"धूळ खात पडलं होतं. हातच लावत नव्हते."

"आजारी होते ते!"

"हळू बोल. बाबांना ऐकू जातंय."

"जाऊ दे! दोन वर्षं तुझंच तर ऐकत आलेत."

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला. मी मुद्दाम केलं का?"

"तू मला ऐतखाऊ म्हणालास. भरल्या ताटावर, सुनेसमोर."

"रागाच्या भरात निघून गेलं तोंडातून."

"तुझा राग तेवढ्यापुरता होता रे. मी मात्र रोज सकाळी उठून स्वतःला तेच म्हणत होतो."