चुंबकाचा पट्टा

ओहायोतल्या बंदुकीच्या दुकानात रांगेत उभ्या एल्वाने हातातल्या खोक्यावरचा मजकूर तिसऱ्यांदा वाचायला घेतला, कारण पुढे म्हातारा हार्लन आणि दुकानवाली लोरेटा यांचं बोलणं रंगात आलं होतं.

“उद्याच्या रिव्हॉल्व्हर स्पर्धेसाठी ना? मग नेहमीचा खुंट्यांचा पट्टा घे. सहा गोळ्या एकदम भरायची चकती कमरेच्या खुंटीत अडकवली की पळताना पडत नाही.”

“चुंबकाचा दाखव. चकती नुसती चिकटते, तो.”

“तू? वीस वर्षं चुंबकाला शिव्या घातल्यास!”

“मला नकोय. कंबर अठ्ठावीस.”

“म्हणजे मार्जीला?”

“खुंटीवरून चकती ओढताना तिची नखं तुटायची. मी म्हणायचो, नखं काप.”

“अरे, तुझी बायको त्या सतरा गोळ्यांच्या पिस्तूलवाल्याबरोबर गेली, त्याला चार वर्षं झाली.”

“सतरापुढे माझ्या सहा कुठे पुरणार! पण उद्याच्या यादीत तिचं नाव घातलंय मी. नाव खोडण्याआधी तीनदा पुकारतात.”

“तिला कळवलंस?”

“पत्र टाकलंय. उत्तर नाही.”

“बरं, हा घे. तुलाही चुंबकाचाच देऊ?”

“छे! मला खुंट्याच. आलीच, तर भांडायला काहीतरी नको का?”