निखिलची जन्मतारीख

चहा घ्या, मग सांगते. आमच्या केतकीला, म्हणजे माझ्या नातीला, अमेरिकेतलं स्थळ आलं. मुलगा निखिल. दोन-चार व्हिडिओ कॉल झाले आणि इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळे पेढे वाटायला निघाले. मी म्हटलं, थांबा. तो राहतो त्या काउंटीच्या कोर्टाची वेबसाइट मी उघडली. तिथले फौजदारी खटले कुणालाही नावावरून शोधता येतात. कॉम्प्युटर माझा मी शिकलेय, मला कुणाची गरज लागत नाही. नाव घातलं आणि छातीत धस्स झालं. नाव, आडनाव तेच, आणि आरोप मारहाणीचा!

केतकी पांढरीफटक पडली. "आजी, ही नॉट लाइक दॅट लाह! तो तसा नाहीये!"

"एका नावाची छप्पन माणसं असतात. इथे आरोपीची जन्मतारीख दिलीय, ती जुळते का बघू."

आम्ही पत्रिका मानत नाही, त्यामुळे त्याची जन्मतारीख कुणी विचारलीच नव्हती. मी तडक फोन लावला. "निखिल, जन्मतारीख सांग. वर्षासकट."

त्याने सांगितली. आरोपी त्याच्याहून एकोणीस वर्षांनी मोठा निघाला! माझा जीव भांड्यात पडला. केतकी तर रडायलाच लागली.

ते ऐकून निखिल घाबरला. "आजी, पत्रिका जुळत नाही का? जन्मवेळ पण सांगतो. पहाटे चार दहा, मिरज."

"वेळ राहू दे," मी म्हटलं. "कोर्टात तू नाहीस, एवढं मला पुरे. साखरपुड्याला कधी येतोस ते सांग."