हॉकरिजसाहेबांचा पूल

...अहो, एक मंत्री टिकत नाही! सकाळी त्याच्यावर बारा मिनिटांचं लिहावं, दुपारी नक्कल बसवावी, आणि पडदा उघडायच्या आत साहेबांचा राजीनामा! तुम्हाला सांगतो, पूर्वी बरं होतं, एक पंतप्रधान मिळाला की विनोदवाल्याला दहा वर्षं घोर नाही! आणि ही बातमी मला कोण सांगायचं? ग्वेन, माझी बायको. विंगेत उभी, कानाला रेडिओ. "मॅल्कम, तुझा वाहतूकमंत्री गेला. दुसरा भाग गाळ." गाळला! एक मंत्री टिकत नाही हो!

टिकले ते एकटे डेन्झिल हॉकरिज. आमच्याच यॉर्कशरच्या गावचे, हुजूर पक्षाचे खासदार. बावीस वर्षं ते निवडून येतायत, बावीस वर्षं मी त्यांची नक्कल करतोय... आधी गावच्या नव्या पुलाला विरोध, मग त्याच पुलाची फीत कापायची, "मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो!" आणि ग्वेन दर वर्षी त्यांना फुकट पास पाठवायची. "ज्याच्यावर जेवतोस त्याला बोलवायला नको?"

मार्चमध्ये ग्वेन गेली.

एप्रिलमध्ये गावच्या हॉलात कार्यक्रम. ठरवलं होतं, आज जमलं तर जमलं, नाहीतर धंदा बंद. आणि लोकांनी काय करावं? हसले! "नमस्कार मंडळी" म्हटलं, हसले. पाणी प्यायलो, हसले! आजाऱ्याला सूप भरवावं तसं मऊ मऊ हसणं... मेलो की हो मी!

कसाबसा पुलाच्या नकलेपाशी आलो, तर तिसऱ्या रांगेतून आवाज, "हा पूल दोन हजार सतरापासून ऐकतोय! नवीन काही आहे का?" कोण? हॉकरिज! यंदा पास नाही, तर स्वतः तिकीट काढून आलेले!

मागची बाई म्हणते, "श्श! अहो, त्यांची बायको गेलीय!"

"माहितीये मला. त्या असत्या तर त्यांनी हा भाग केव्हाच गाळायला लावला असता!"

हॉल गार. आणि मला... हसू फुटलं हो. महिन्याभरात पहिल्यांदा. म्हटलं, "साहेब, तुम्ही पडा, लगेच गाळतो!" तेव्हा कुठे लोक हसले... खुर्च्या बडवत, खरंखुरं, निर्दयपणे! तासभर भांडलो आम्ही दोघं. जाताना हात दाबून म्हणाले, "पूल राहू दे." एवढंच.

आता मे महिन्यात निवडणूक आहे, आणि म्हणे ते थोडक्यात पडणार. त्यांना मत? छे! चाळीस वर्षं मजूर पक्षाला मत देतोय मी, तत्त्व म्हणजे तत्त्व!

...फक्त यंदा मतदानाच्या दिवशी माझा गुडघा फार दुखणार आहे.